अकरा डिसेंबर

आमच्या घरात अकरा डिसेंबर या तारखेच्या दोन कहाण्या होत्या. आजीची १९६७ सालची, कोयनेच्या भूकंपाची. आबांची १९७१ सालची, जमालपूरची. दोन्हींमध्ये बरोबर चार वर्षांचं अंतर. लहानपणी मला वाटायचं, दोन्ही गोष्टी एकाच रात्री घडल्या. अजूनही त्या मला वेगळ्या करता येत नाहीत, आणि कराव्यात असंही वाटत नाही.

आबा पाटण तालुक्यातले. १९५१ साली बेळगावला मराठा सेंटरवर भरती झाले, १९७५ साली नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. बहुतेक नोकरी पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत झाली. ही पलटण १७६८ सालची. आमच्या भागात तेव्हा ‘पोरगा नोकरीला लागला’ म्हटलं की मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. दोन्हीकडे माणूस घरापासून तुटायचाच. गिरणीवाला निदान गणपतीला, शिमग्याला हटकून यायचा. फौजी रजा मंजूर होईल तेव्हा.

भूकंप झाला तेव्हा पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. कोयनानगरच्या परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या होत्या. मागची भिंत आत न पडता बाहेर पडली, म्हणून सगळी वाचली. आजीनं दोघांना काखोटीला मारलं, तिसऱ्याला दंडाला धरून ओढलं आणि खळ्यात आणून बसवलं. मग सासूला आणायला परत आत गेली. हे ती सांगायची तेव्हा आवाज चढत नसे. “म्हातारी म्हणती, मला ऱ्हाऊ दे, पोरांकडं बघ. म्हटलं, पोरं बाहेर हायती. आता तुमीच ऱ्हायला.”

आबा त्या वेळी बेळगावातच होते, रंगरुटांना कवायत शिकवत. रजा मिळाली, कराडपर्यंत आले आणि पुढे मिळेल त्या वाहनानं, मग चालत. आल्यावर त्यांनी पडलेल्या घराकडे पाहिलंच नाही, असं आत्या सांगते. आधी मुलांना जवळ घेतलं. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेतलं, पलटणीत हजेरी घ्यावी तसं. रजा संपेपर्यंत त्यांनी ढिगारा उपसला आणि लाकडाच्या मेढी रोवून वर पत्रे घातले. पुन्हा दगडमातीची भिंत घालायची नाही, असं बजावून गेले. ते घर पुढे वाढवलं, पण मूळ मेढी आजही त्याच आहेत.

मग १९७१, बांगलादेशचं युद्ध. सरहद्दीवरचं कमालपूरचं ठाणं चार डिसेंबरला पडलं आणि जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली. पलटणीचे सीओ लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. गावात पाकिस्तानची ३१ बलुच होती. आपल्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. ती घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा जहुरुल हक मुन्शी. तिथे त्यानं मार खाल्ला, तरी उत्तर घेऊन परत आला. उत्तराबरोबर बंदुकीची एक गोळी होती. पुढे बांगलादेशनं त्याला ‘बीर प्रतीक’ हा किताब दोनदा दिला.

दहाच्या रात्री बलुचांनी त्याच रस्त्यानं निसटायचा प्रयत्न केला आणि ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. रात्रभर गोळीबार चालला. पहाटेपर्यंत त्यांची दोनशेहून अधिक माणसं पडली होती. अकराच्या सकाळी जमालपूर शरण आलं. त्याच दिवशी टांगाइलजवळ २ पॅरा छत्र्यांनी उतरली आणि बाराला जंगी पलटण त्यांना पुंगली पुलावर जाऊन मिळाली. २ पॅरा म्हणजे मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. परक्या मुलखात, पुलावर, अंधारात कुणीतरी मराठीत शिवी घातली आणि आपलीच माणसं असल्याची खात्री पटली, असं आबा सांगत. पण ते लढाईपेक्षा मुन्शीबद्दलच जास्त बोलत. “आमच्या हातात बंदूक होती. त्याच्या हातात कागद,” एवढंच म्हणत.

आजीला यातलं काही रजेपर्यंत कळलं नाही. रेडिओ चावडीवर होता, तिथं बायका जात नसत. तोवर आबा खुशाल आहेत एवढंच तिला कळलं, तेही मनीऑर्डरच्या कुपनावरून.

ही कुपनं मी पाहिली आहेत. फॉर्मच्या तळाला असलेली, फाडून हातात मिळणारी ती चिठोरी. वीतभर जागा, तिच्यात मुंगीएवढं अक्षर. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि आजी ते कुपन तारेत ओवून खुंटीला लावायची. वीस-बावीस वर्षांचं घर त्या तारेत आहे. म्हशीचा विमा, थोरल्याची फी, माण तालुक्यात दिलेल्या बहिणीला दुष्काळात पाठवायची ज्वारी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, पावसाआधी पत्र्याचे खिळे बघून घेणं. जानेवारी १९७२ च्या कुपनावर जमालपूरचं नाव नाही. आपण खुशाल आहोत, पैसे नेहमीपेक्षा थोडे जास्त आहेत, धाकटीला दवाखान्यात दाखवावं आणि म्हैस कुणी मागितली तरी विकू नये, एवढाच मजकूर आहे.

महिन्यापूर्वी ज्या माणसानं ती रात्र काढली, त्यानं हे लिहिलं. काही जण म्हणतील, तो मनातलं बोलत नव्हता. मला तसं वाटत नाही. त्या वीतभर जागेत त्याला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, तेच त्यानं लिहिलं. पलटणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जमालपूर नीट लिहून ठेवलं आहे, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण तो मोर्चा धरणाऱ्या माणसाचं घर दुसऱ्या टोकाला कुणी धरून ठेवलं होतं, ते त्या तारेत आहे, आणि त्यात आजीचं एकही अक्षर नाही. तिला लिहिता येत नव्हतं.

ही तार बेळगावला, पलटणीच्या संग्रहालयाला द्यावी असं माझं म्हणणं आहे. आत्या नाही म्हणते. तिचं म्हणणं, त्यातल्या निम्म्या कुपनांवर तिच्या आजारपणाची औषधं आहेत आणि ती कुणी काचेमागे ठेवून वाचावीत हे तिला पसंत नाही. तूर्तास तार तिच्याकडेच आहे. मी सगळ्या कुपनांची नक्कल करून घेतली आहे, आणि आजीनं सांगितलेलं आठवेल तसं प्रत्येकाच्या समोर लिहून ठेवतो आहे.