साताऱ्याचा गड तीनदा कसा गेला

भाद्रपदातील शनिवार-रविवार धरून आपल्या मंडळाच्या आम्ही अठराजणी साताऱ्यास जाऊन आलो. पहिल्या दिवशी अजिंक्यतारा व सज्जनगड, दुसऱ्या दिवशी कासचे पठार, असा बेत होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; परंतु जाण्यापूर्वी वाचनालयातून इतिहासाची पुस्तके आणून दुपारी निवडण-टिपण झाल्यावर वाचली होती, म्हणून हा लेख माझ्याकडे आला. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

अजिंक्यताऱ्याचा महादरवाजा व त्याचे बुरूज आजही उभे आहेत. खाली सारे सातारा शहर ताटात मांडल्यासारखे दिसते. असा गड शत्रूच्या हाती जावा तरी कसा, असे मनात येते. पण हा गड आठ-नऊ वर्षांत तीनदा गेला, आणि दर वेळी निराळ्या कारणाने गेला.

पहिली वेळ औरंगजेबाची. डिसेंबर १६९९ मध्ये त्याने स्वतः येऊन वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिने गड लढविला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडविले. पहिल्याने आतील लोक दगावले. दुसऱ्याने तट बाहेरच्या बाजूस कोसळून चढाईस टपलेले मोगलांचेच शेकडो लोक गाडले गेले. प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. म्हणजे सुरुंगाने गड पडला नाही. मात्र मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले होते, आणि गडावरचे धान्य व दारूगोळा सरत आला होता. कोठारात दाणा नाही आणि डोक्यावर धनी नाही, अशा स्थितीत एप्रिलअखेर गड खाली करावा लागला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले.

दुसरी वेळ आपली. राज्याचा भार आता महाराणी ताराबाईंवर आला होता. वय अवघे पंचविशीचे, वैधव्य नवे, मूल लहान. तरी त्यांनी एकेक गड परत घेण्याचा उद्योग मांडला. साताऱ्याचे काम अण्णाजीपंत नावाच्या एका कारकुनाने केले, असे ग्रँट डफच्या इतिहासात आहे. भिक्षेकऱ्याच्या वेषात तो गडावर चाललेल्या मोगल शिपायांना भेटला, गोष्टी सांगून व गाणी म्हणून त्याने त्यांना हसविले. त्यांनी त्याला कौतुकाने बरोबर नेले आणि गडावर राहू दिले. पुढे संधी साधून त्याने मावळ्यांना आत घेतले. गड मिळाला आणि ताराबाईंनी त्यास अजिंक्यतारा हे नाव दिले.

तिसरी वेळ घरातल्या भांडणाची. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. गडावर ताराबाईंच्या बाजूचे परशुरामपंत प्रतिनिधी होते व हवालदार शेख मिरा होता. शेख मिऱ्याची बायकामुले वाईस होती. शाहूंच्या लोकांनी त्यांना धरले आणि गड न दिल्यास तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप धाडला. शेख मिऱ्याने प्रतिनिधींनाच कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

हे मी गडावर सांगितले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, “फितूरच म्हणायचा.” तेव्हा आमच्यातील सर्वांत वयस्कर काकू शांतपणे म्हणाल्या, “अगं, त्या बाईला कोणी विचारलं का, तिला काय वाटलं ते?” कोणीच बोलले नाही. पुस्तकांत त्या माउलीचे नावही मला सापडले नाही.

सायंकाळी सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शन घेतले. १६७६ मध्ये समर्थ येथे राहावयास आले व १६८२ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. पुढे मठाचा कारभार पाहणाऱ्यांत अक्कास्वामी होत्या. अक्कास्वामी व वेणास्वामी या दोघींची वृंदावने गडावर आहेत. तेथे मात्र बायकांची नावे राहिली, याचे समाधान वाटले.

रविवारी कासला गेलो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, उंची सुमारे १,२०० मीटर. काळ्या कातळावर जांभा, आणि त्यावर मातीचा जेमतेम एक थर. तेवढ्यावर सुमारे ८५० जातींच्या फुलझाडांची नोंद झाली आहे. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांनी पठार रंगले होते. मातीत कस नाही म्हणून सीतेच्या आसवांसारखी नाजूक झाडेही बारीक किडे पकडून पोट भरतात! २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा ठरले आहे. येथे तट नाही, तोफ नाही. वनखाते व आसपासच्या गावांतील माणसे राखण करतात. पाऊलवाट सोडून फुलांत शिरणाऱ्यांना वाटाड्या मुलगी हात जोडून मागे बोलवत होती.

भगिनींनो, साताऱ्याचा गड एकदा कोठार रिते झाल्याने गेला, एकदा पहारेकरी गाफील राहिल्याने, आणि एकदा आपल्याच माणसांनी आपल्या लेकराबाळांना वेठीस धरल्याने. तिन्ही वेळा तटाचा काही दोष नव्हता. संसारात आणि मंडळातही दाणागोटा, जागेपणा आणि एकमेकींचा विश्वास या तिन्ही गोष्टी बहुधा आपल्याच हाती असतात. पुढील वर्षी ज्या येतील त्यांनी गडावर मंगळाई बुरुजाची जागा अवश्य पाहावी, आणि कासला फुले केसांत न माळता डोळ्यांनीच घ्यावीत, एवढी विनंती करून लेख पुरा करते.