रेव्हरंड टिळकांचा राग

टिळकांचा राग म्हटला की महाराष्ट्राला लोकमान्य आठवतात, आणि त्या रागाला इतिहासाने मानाचे पान वाढले आहे. दुसऱ्या टिळकांचा, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचा राग घरातला होता. चूल, पैसा, पाहुणा असल्या निमित्तांवर पेटणारा. त्याचा हिशेब इतिहासकारांनी ठेवला नाही. ठेवला तो त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, आणि तोही हसत हसत.

या रागाकडे माझे लक्ष वळले त्याला कारण आहे. आमच्या घरी आजी टिळकांची भजने म्हणत असे. टिळक म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीतले संत, अशीच माझी समजूत होती. पुढे वाटणीच्या एका क्षुल्लक बाबीवरून भावाशी माझा अबोला झाला, आणि सलग तीन वर्षे मी प्रभुभोजनाच्या वेळी देवळातून उठून बाहेर येत राहिलो. असल्या मनाने त्या भाकरीला हात कसा लावायचा? त्या काळात 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती आले, आणि तसबिरीतला माणूस खाली उतरला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असते तर नवल नव्हते. पण पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले.

आता गंमत पाहा. ज्या प्रवचनाने हा माणूस बांधला गेला त्याच प्रवचनात ख्रिस्ताने भावावर रागावणाऱ्याला खून करणाऱ्याच्या पंक्तीला बसवले आहे, आणि वेदीशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे सांगितले आहे. आणि टिळक तर शीघ्रकोपी! क्षणात तापायचे, घर सोडून चालते व्हायचे. राग उतरला की तितक्याच वेगाने विरघळायचे. हातात पैसा आला की दुसऱ्याला द्यायचे, आणि घरात उद्या काय शिजणार हा प्रश्न बाईंनी सोडवायचा. हे औदार्य आपण कवीच्या खात्यावर जमा करतो. खर्ची कोणाच्या खात्यावर पडले, हे विचारत नाही.

सर्वांत मोठी किंमत बाप्तिस्म्याची. त्या घटनेनंतर पत्नी काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली, माहेरच्या व नात्यातल्या माणसांच्या आधाराने. तिचे सांत्वन करायला आलेले लोक नवरा मेल्यासारखे बोलत. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या सोवळे बरोबर घेऊन. त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे. इथे टिळकांच्या स्वभावाची एक दुसरी बाजू दिसते. एवढा उतावळा माणूस, पण पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत थांबला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद हा माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर.

म्हणून टिळकांचा राग ख्रिस्ती झाल्यावर गेला, असे म्हणणाऱ्या चरित्रकाराचा मला विश्वास वाटत नाही. नगरच्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. त्या घरातही प्रेम आणि कडाक्याची भांडणे एकाच छपराखाली नांदली. बदलले ते एवढेच की टिळक आपला दोष देवापुढे घेऊन जाऊ लागले, आणि त्यासाठी त्यांना भाषा परक्याकडून आणावी लागली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या पुलावर तर आपले अवगुण मोठ्याने मोजत चालण्याचीच रीत आहे! मिशनच्या शिस्तीतला उपदेशक आपले दोष खाजगीत कबूल करी. टिळकांनी ते अभंगात घातले, आणि मंडळींनी टाळ घेऊन म्हटले.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मिळून. अनेकांना तो अविचार वाटला. मलाही त्यात पहिल्या टिळकांचा, म्हणजे आगगाडीतून उतरलेल्या टिळकांचा उतावळेपणा दिसतो. वय पन्नाशीच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, आणि घरची घडी पुन्हा मोडणार ती बाईंचीच.

दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य थोडेच अध्याय होऊन पडले होते. ज्या बाईला त्यांनी स्वतः अक्षरओळख करून दिली, आणि शिकवताना जिच्यावर ते चिडलेही, तिने ते हाती घेतले. ओवीला ओवी जोडीत ती वर्षानुवर्षे लिहीत राहिली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या तोवर काव्याचा बहुतेक भाग त्यांच्या हातचा झाला होता. शेवटचे काम मुलाने पुरे केले.

भावाला मी पत्र टाकले ते 'स्मृतिचित्रे' वाचून संपल्यानंतरच्या आठवड्यात. उत्तर यायला दीड महिना लागला. ते चार ओळींचे होते, आणि त्यातल्या दोन ओळी अजूनही वाटणीबद्दलच होत्या.