जस्त ऑक्साइड व्हॅरिस्टर

विद्युत् दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाताच ज्याचा रोध एकाएकी घटतो अशा, मुख्यतः जस्त ऑक्साइडाच्या मृत्तिकीय चकतीस जस्त ऑक्साइड व्हॅरिस्टर म्हणतात. प्रेषण मार्गावर वीज कोसळल्यामुळे किंवा मंडल उघडताना व बंद करताना विद्युत् दाबाच्या लाटा उद्भवतात. या लाटांपासून रोहित्रे, मंडल खंडक इ. मौल्यवान सामग्रीचे रक्षण करणाऱ्या तडित् निवारकात अशा चकत्यांचा स्तंभ प्रेषण मार्ग व भूमी यांच्यामध्ये जोडलेला असतो. नेहमीच्या दाबाला तो निरोधकाप्रमाणे वागतो. लाट येताच संवाहक बनून ती भूमीत सोडतो व लाट ओसरल्यावर पूर्ववत निरोधक होतो.

पूर्वेतिहास : आरंभीच्या निवारकांत केवळ ठिणगी-फट असे. दाब वाढला की फटीत ठिणगी पडून लाट जमिनीत जाई. परंतु त्याच आयनीभूत मार्गाने नेहमीचा विद्युत् प्रवाहही वाहू लागे व तो थांबविणे अवघड होई. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या के. बी. मॅकीक्रन यांनी १९३० मध्ये ‘थायराइट’ या सिलिकॉन कार्बाइडयुक्त पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले. फटीशी एकसरीत जोडलेला असा रोधक मागाहून येणाऱ्या प्रवाहाला आवर घाली व तो तोडण्याचे फटीचे काम सुकर करी. पुढील सु. चार दशके हीच रचना प्रचलित होती.

तथापि फट काढून टाकणे शक्य नव्हते. अशा पदार्थातील प्रवाह दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो व सिलिकॉन कार्बाइडाच्या बाबतीत हा घातांक सु. ४ असतो. म्हणजे दाब १० टक्क्यांनी वाढल्यास प्रवाह जेमतेम दीडपट होतो. लाटेच्या वेळी हजारो अँपिअर वाहू देणारा रोधक नेहमीच्या दाबालाही शेकडो अँपिअर वाहू देईल व जळून जाईल. फटीचे ठिणगी पडण्याचे दाबमूल्य प्रदूषण, आर्द्रता व लाटेच्या चढाचा वेग यांनुसार बदलत असल्याने संरक्षणात अनिश्चितता राही.

शोध व विकास : जपानमधील मात्सुशिता (२००८ पासून पॅनासॉनिक) कंपनीतील मिचिओ मात्सुओका यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जस्त ऑक्साइडात बिस्मथ, कोबाल्ट, मँगॅनीज, क्रोमियम व अँटिमनी यांची ऑक्साइडे मिसळून केलेल्या मृत्तिकेचे गुणधर्म दिले. तिच्यात जस्त ऑक्साइडाचे प्रमाण ९७ मोल टक्के असून घातांक ५० पर्यंत पोहोचला होता. या घातांकानुसार दाब १० टक्क्यांनी वाढताच प्रवाह शंभरपटींहून अधिक होतो. त्यामुळे स्वतंत्र फटीची गरजच उरली नाही. १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये मैदेन्शा व अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांनी फटविरहित निवारक विकसित केले. या प्रकाराविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्य व अभिकल्प : हा गुणधर्म शुद्ध जस्त ऑक्साइडाचा नसून कणांच्या सीमांचा आहे. कण स्वतः चांगले अर्धसंवाहक असतात. बिस्मथयुक्त सीमांवर मात्र इलेक्ट्रॉन अडकून विभवाचा अडसर निर्माण होतो. दर सीमेवर सु. ३ व्होल्ट दाब येताच हा अडसर कोसळतो. कणांचा व्यास सु. १५ मायक्रोमीटर असल्यास १ सेंमी. जाडीत साडेसहाशेच्या आसपास सीमा येतात व चकती सु. २,००० व्होल्टना संवाहक बनते. म्हणून चकत्यांची एकूण जाडी दाबावरून, क्षेत्रफळ प्रवाहावरून व घनफळ शोषावयाच्या ऊर्जेवरून ठरवितात. अत्यल्प ॲल्युमिनियम मिसळल्यास कणांचा रोध घटून मोठ्या लाटेपासून अधिक चांगले संरक्षण मिळते; परंतु ते प्रमाण वाढल्यास गळती प्रवाहही वाढतो.

निर्मिती : ऑक्साइडांची चूर्णे पाण्यात एकजीव दळून, बंधक मिसळून व फवारून वाळवितात. मिळालेले दाणे साच्यात दाबून सामान्यतः १,१०० ते १,३०० से. तापमानास त्यांचे तापपिंडन करतात. या वेळी बिस्मथ ऑक्साइड वितळून कणांभोवती पसरते, तर अँटिमनीपासून बनणारे स्पिनेल कणांची वाढ रोखते. नंतर कडेवर निरोधक लेप देतात, सपाट पृष्ठे घासून त्यांवर ॲल्युमिनियमाची फवारणी करतात व चकत्यांची परीक्षा घेतात. चकतीत कोठे कण मोठे राहिले वा पोकळी उरली, तर लाटेचा प्रवाह तेथेच एकवटतो आणि चकतीस भोक पडते किंवा ती तडकते.

मर्यादा : फट नाहीशी झाल्यामुळे चकत्यांवर प्रणालीचा दाब रात्रंदिवस, अनेक वर्षे राहतो. गळती प्रवाहाने उष्णता निर्माण होते व तापमानाबरोबर गळतीही वाढते. निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाल्यास निवारक अनावरपणे तापून निकामी होतो. टी. के. गुप्ता व डब्ल्यू. जी. कार्लसन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कणसीमांजवळील जस्ताचे आंतरस्थित आयन सरकल्याने अडसर दुर्बल होतात. तापपिंडनानंतर पुन्हा योग्य तापमानास तापविल्यास हे आयन कमी होऊन चकती स्थिर होते. पूर्वी विश्वासार्हता फटीच्या यांत्रिक जुळणीवर अवलंबून असे. आता ती भट्टीच्या तापमानावर व चूर्णाच्या एकजिनसीपणावर अवलंबून असते. निवारक निकामी झाल्यास त्याचे चिनी मातीचे आवरण फुटून तुकडे उडण्याचा धोका असतो. म्हणून त्यात दाबमोचनाची सोय करतात. अलीकडील अनेक निवारकांत सिलिकोन रबराचे आवरण वापरलेले असते. वापरातील निवारकाच्या गळती प्रवाहाचे नियमित मापन करून त्याच्या ऱ्हासाची पूर्वसूचना मिळविता येते.