रंकाळ्याकांठचा राजवाडा

रंकाळ्याच्या कांठीं काळा दगड व इटालियन संगमरवर यांनीं बांधलेला शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळांत उभा राहिला. राजकन्या शालिनीराजे यांचें नांव त्यास मिळालें. पुढें संस्थानें विलीन झालीं, आणि अशा वास्तूंच्या पोषणाचा प्रश्न बिकट झाला. १९८७ सालीं या राजवाड्याचें हॉटेल झालें. राजवाड्यांत भाडें देऊन उतरावें, ही कल्पना कित्येकांस रुचत नाहीं. परंतु वास्तु टिकते ती राबत्यानें. दारें बंद झालीं कीं ओल आणि वाळवी तिचा ताबा घेतात. म्हणून हॉटेलास आमचा विरोध नाहीं. प्रश्न आहे तो तिचा आनंद कोणीं घ्यावा हा. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ मध्यें बांधलेल्या टाऊन हॉलांत पुढें वस्तुसंग्रहालय आलें, आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननांत सांपडलेली पोसिडॉनची चिमुकली ब्राँझमूर्ति सामान्य नागरिकासहि पाहतां आली. शालिनी पॅलेसच्या बांधकामास आरंभ झाला त्याच १९३१ सालीं चित्रकार आबालाल रहिमान निवर्तले. राजवाड्याचें हॉटेल करणारानें अशा कोल्हापुरी कलावंतांची चित्रें भिंतींवर अवश्य लावावींत. मात्र तीं पाहण्यास गांवकऱ्याला मुक्कामाचें भाडें पडूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.