सालोमालो : शब्द चोरणारा खलनायक

आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले. चित्रनगरीचे गोरेगाव ते मुंबईचे. तरी सिनेमाचा विषय निघाला की बाहेरगावचे लोक आमच्याकडेच मोठ्या आशेने पाहतात! असो. आज एका जुन्या मराठी खलनायकाविषयी लिहायचे आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आणि आवली झालेल्या गौरी यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. सालोमालो झालेल्या भागवतांना मात्र दोन-चार ओळींवर भागवले जाते. मला हे पटत नाही. तो नट नसता तर पागनीसांचे साधेपण इतके उठून दिसलेच नसते.

सालोमालोच्या हातात तलवार नाही. तो गातो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुकोबा आपल्या तंद्रीत विठ्ठलाला आळवत असतात आणि लगेच तेच शब्द सालोमालोच्या तोंडी येतात. तुकोबांचे डोळे मिटलेले, तर याचे श्रोत्यांवर खिळलेले. पद तेच, पण सालोमालोच्या गळ्यात त्याची नाटकी कसरत होते. वर हा गृहस्थ सांगत सुटतो की अभंग माझेच, तुक्याने ते चोरले! खलनायकाचा खोटेपणा संवादाआधी गाण्यातून कळावा, ही केशवराव भोळे यांच्या संगीताची आणि भागवतांच्या अभिनयाची कमाल आहे. आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खलनायक रंगला नाही तर पहाटेपर्यंत बसतो कोण?

उर्दूच्या तासाला मी मक्ता शिकवतो, म्हणजे गझलेचा शेवटचा शेर, ज्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. मराठीच्या तासाला अभंगातली नाममुद्रा येते, 'तुका म्हणे'. मुलांना दोन्ही गोष्टी एकच वाटतात आणि ते बरेचसे खरेही आहे. ज्या काळी छापखाने नव्हते, कविता एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात होती, तेव्हा ती सही होती. ती सही पुसणे म्हणजे माणूसच पुसणे. सालोमालोचा गुन्हा हा आहे.

हे नाव पटकथाकार शिवराम वाशीकरांनी हवेतून आणलेले नाही. तुकोबांच्या गाथेत ते येते. हरीचे दास म्हणवून घेणाऱ्या आणि दुसऱ्यांची वचने मोडतोड करून आपली म्हणून खपवणाऱ्या सालोमालोंवर तुकोबांनी चांगलाच राग काढला आहे. म्हणजे ही चोरी त्यांच्या हयातीतच होत होती. परंपरा मंबाजी गोसाव्याने दिलेल्या छळाच्या कथा सांगते. चित्रपटाने त्या छळाला चेहरा दिला तो मात्र सालोमालोचा. रामेश्वरशास्त्र्यांचे कान भरणारा तो, तुकोबांना मोहात पाडायला कलावंतीण पाठवणाराही तोच. शिवाजी महाराज कीर्तनाला आले आहेत, ही खबर त्यांच्या शत्रूला तोच देतो.

इथे मी थोडा थांबतो. चित्रपटाचे दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. फत्तेलाल कोल्हापूरजवळच्या कागलचे. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले आणि कलादिग्दर्शनात वाकबगार. प्रभातमध्ये सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. या जोडीने पुढे 'संत ज्ञानेश्वर' केला. १९५५ मध्ये फत्तेलाल यांनी 'जगद्गुरू शंकराचार्य' दिग्दर्शित केला. एका मुसलमान कलावंताला देहूचे देऊळ आणि इंद्रायणीचा काठ परका वाटला नाही, आणि पाहणाऱ्यांनाही त्याचे नाव पडद्यावर खटकले नाही. सतराव्या शतकाची गोष्ट सांगताना खलनायक बाहेरून, दुसऱ्या धर्मातून आणणे किती सोपे असते, हे आपण आजच्या पडद्यावर पाहतोच. या चित्रपटातला खलनायक गावातला आहे. कपाळी गंध लावून त्याच देवळात, त्याच विठ्ठलासमोर उभा आहे.

माझ्या फोनवर रोज कुणाच्या तरी कविता येतात, खाली भलत्याचेच नाव. गालिबच्या नावावर फिरणारे कितीतरी शेर गालिबचे नसतात. मुले ते हौसेने वहीत उतरवून आणतात. मग मी त्यांना प्रभातचा तो जुना, काळा-पांढरा तुकडा दाखवतो. सालोमालो गायला लागला की वर्ग हसतो. मग एखादे पोर विचारते, 'सर, मग हा शेर कुणाचा?' आणि आम्ही दिवान उघडून शोधायला बसतो.