सुरुंग : अहमदनगरच्या तटाखालचे युद्ध

१/ वेढा म्हटला की डोळ्यांसमोर तोफा येतात. मध्ययुगीन इस्लामी सैन्यांच्या वेढातंत्रात मात्र तोफेआधी दगडफेकी मंजनीक होती. आठव्या शतकाच्या आरंभी सिंधमधील देबलवर मारा झाला, तो तिनेच. पुढे तोफा आल्या, तरी किल्लेदाराला खरी धास्ती असे ती सुरुंगाची.

२/ अहमदनगरला तोफा नवख्या नव्हत्या. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ १५४९ साली मुहंमद बिन हसन रूमी याने निजामशाहीसाठी ओतली. परंतु रुंद, भरीव तटाला निव्वळ गोळ्यांनी खिंडार पाडणे वेळखाऊ काम होते.

३/ म्हणून शत्रू जमिनीखाली शिरे. मोर्च्याच्या आडोशाने भुयार खणून ते तटाखाली न्यायचे, तेथे दारू ठासायची आणि स्फोटाचा जोर वर जावा म्हणून तोंड दगडमातीने बुजवायचे. यावर उतारा एकच : आतून उलट भुयार खणून दारू काढून घेणे. त्यासाठी सुरुंगाची नेमकी जागा कळणे आवश्यक.

४/ डिसेंबर १५९५ मध्ये शाहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी नगरला वेढा घातला. किल्ल्याचे नेतृत्व चांदबिबीकडे होते. मोगलांनी पाच सुरुंग तयार केले. पण त्यांच्याच छावणीतील ख्वाजा मुहंमद शिराझी याने रात्री ही बातमी किल्ल्यात पोचवली.

५/ दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यातील दारू काढली जात असतानाच मोगलांनी बत्ती दिली. खणणारे गाडले गेले आणि सुमारे पन्नास यार्डांचा तट कोसळला. उरलेले सुरुंगही उडतील या अपेक्षेने मोगल थांबले. तेवढ्या अवधीत चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हाती तलवार घेऊन खिंडारावर आली. हल्ले परतवले गेले आणि रातोरात तट पुन्हा उभा राहिला. अखेर वऱ्हाड मोगलांना देऊन १५९६ मध्ये तह झाला.

६/ १६०० साली मोगल पुन्हा आले, पुन्हा सुरुंग खणले गेले. आता बचाव अशक्य जाणून चांदबिबीने वाटाघाटींचा विचार मांडला. फितुरीच्या संशयाने तिच्याच माणसांनी तिला ठार केले. त्यानंतर सुरुंग उडाले आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला.

७/ पहिल्या वेढ्यात शत्रूच्या गोटातील एका माणसाने दिलेल्या खबरीवर विश्वास ठेवला गेला, म्हणून नगर वाचले. दुसऱ्या वेढ्यात स्वतःच्या राणीवरही तो उरला नव्हता.