काळी, पांढरी आणि कागद : एका खेड्याचा इतिहास कसा वाचावा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. ते भूगोल शिकवीत, पण फळ्यावर नकाशा काढण्यापूर्वी सबंध वर्ग जामच्या काठावर नेत आणि 'पाणी कुठून आले, कुठे चालले' एवढेच विचारीत. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पाठ होते. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पण 'हे वावर कोणाचे, त्याला काय म्हणतात आणि तसे का म्हणतात' हा त्यांचा पुढचा प्रश्न असे, आणि तेथे आमची गाडी अडे. आज सत्तरी उलटल्यावर मी त्याच प्रश्नाकडे परत आलो आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. मला एका साध्या खेड्याचा आणि त्याच्या शिवाराचा इतिहास कसा वाचावा, याविषयी बोलायचे आहे.

निमित्त घरगुती आहे. वडिलांच्या पश्चात शेताच्या वाटणीचा प्रसंग आला तेव्हा मी सौंसर तहसिलीतील आमच्या गावी गेलो. आई एकेक वावर नावाने सांगू लागली : चिंचेचे, बरडीवरचे, उमराखालचे, आडव्या धुऱ्याचे, गोंडाचे. मी ही नावे घेऊन एका कचेरीत गेलो. तेथील गृहस्थांनी शांतपणे सांगितले, 'नावे राहू द्या, खसरा नंबर सांगा.' त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कागदाला नंबरच कळतो. परंतु घरी आईला नंबर ठाऊक नव्हते आणि कचेरीला नावे ठाऊक नव्हती. दोन्हींची सांगड घालू शकणारा माणूस एकच होता, आणि तो नुकताच गेला होता.

त्याच वेळी वडिलांच्या पेटीत तळाशी मोडीतला एक कागद निघाला. मराठीचा डॉक्टर म्हणून मी आयुष्यभर मिरवलो, पण तो कागद मला वाचता येईना! आमची पिढी शाळेत गेली तोवर मोडी शाळेबाहेर पडली होती. त्या कागदाची हकीकत पुढे येईल.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : पांढरी आणि काळी. जेथे माणसे राहतात, जेथे भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या पडून कुजते आणि भुरकी होते, ती पांढरी; जी पिकते ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावाच्या अंतरंगाची एवढी नेमकी ओळख करून देणारा ग्रंथ मराठीत त्यापूर्वी नव्हता आणि नंतरही क्वचितच झाला. मात्र तो दख्खनकडील वतनदारी गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. आमच्या जाम-कन्हानकाठच्या गावाची घडण निराळी. (पांढुर्णा हे नाव 'पांढरी'पासून आले, असे उत्साहाने सांगणारे भेटतात. नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये, असे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगत आलो. आजही तेच सांगतो.)

या मुलखाकडे वरून पाहावे. उत्तरेला सातपुड्याचे पठार. तेथून घाट उतरला की सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, पांढुर्णा ही खालची सपाटी. घाटावर वस्तीच्या नावाला 'ढाना' लागतो, घाटाखाली 'गाव' आणि 'वाडी' लागते. चढ-उतार पायांना जाणवण्याआधी कानांना जाणवतो. गावांची नावे झाडांवरून पडलेली : मोहगाव मोहावरून, सावरगाव काटेसावरीवरून, पिपळा पिंपळावरून, चिचोली चिंचेवरून. वस्ती करणाऱ्याने पहिल्याप्रथम काय पाहिले, याची ती नोंद आहे. मोहाचे महत्त्व गोंडांइतके कोणाला? आमच्या ज्या वावराला 'गोंडाचे' म्हणतात त्यात गोंडाचे घर कोणाच्या स्मरणात नाही, परंतु नाव राहिले आहे. देवगडचे गोंड राज्य या मुलखाचे धनी होते. ज्याने १७०२ मध्ये नागपूर वसविले त्या बख्त बुलंदने बाहेरचे कुणबी-कारागीर आणून ओसाड जमिनी लागवडीखाली आणविल्या, अशी नोंद नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या १८२७ च्या अहवालात आहे. त्यानंतर भोसल्यांचा अंमल आला, आणि १८५३ साली तोही संपला. वऱ्हाडाकडून कुणबी आले, माळव्यातून आल्याची परंपरा सांगणारे भोयर-पवार आले. मालक बदलले, पण वावराच्या नावांना कोणी हात लावला नाही.

हात लागला तो १८६० च्या दशकातील बंदोबस्तात. भोसलेशाहीत पाटील हा गावाचा सारा भरण्याचा मक्ता घेणारा. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण केला आणि बंदोबस्त करताना या मक्तेदारांनाच गावाची मालकी देऊन टाकली. अशा रीतीने मालगुजार जन्माला आला. एका पिढीपूर्वी जो सारा गोळा करीत असे, तो आता जंगल, तलाव, पडीत यांचा धनी झाला. आमच्याकडील कित्येक जुन्या भांडणांचे मूळ तेथे आहे. तथापि त्याच बंदोबस्ताने शेताशेताची मोजणी झाली, खसरे आणि नकाशे तयार झाले, मातीची प्रतवारी झाली. ती प्रतवारी करणाऱ्या साहेबाला मातीसाठी शब्द मात्र शेतकऱ्याचेच घ्यावे लागले : काळी, मोरंड, खरडी, बरडी. आणि 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात गावाच्या चालीरीती लिहून घेतल्या गेल्या. सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत, कोणाच्या विहिरीवर कोणी पाणी भरावे. फारसी नावाच्या त्या दप्तरात आमच्या आजे-पणज्यांचे रोजचे जिणे बंद होऊन पडले आहे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. तिचे कागद मात्र संपले नाहीत.

येथे इंग्लंडातील खेड्याची आठवण होते. तेथील एखाद्या लहानशा गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला १०८६ ची डूम्सडे नोंदवही मिळते. १५३८ पासून चर्चमध्ये जन्म-लग्न-मृत्यूची पुस्तके आहेत. तरीही डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५५ साली आपल्या देशाच्या भूदृश्याविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा भर कागदापेक्षा कुंपण, वाट, बांध, ओढ्याचे वळण यांवर होता. कुंपण सरळ असेल तर ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमिनी बंदिस्त झाल्या तेव्हाचे असण्याचा संभव जास्त. वाकडे असेल तर बहुधा जुने. आपल्या धुऱ्यांकडेही असे पाहता येते. नांगर-वखराच्या वळणाने वाकत गेलेला धुरा आणि वाटणीत साखळी लावून टाकलेला धुरा, हे दोन्ही आमच्या शिवारात शेजारीशेजारी आहेत. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी हे उजाड गाव तेथील अभ्यासकांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे खणले. आपल्याकडे उजाड गावाला 'रिठी' म्हणतात. नकाशात गावाचे नाव असते, शिवार असते, घर एकही नसते. वावरात पांढरी माती, खापरांचे तुकडे, एखादा शेंदूर लावलेला दगड आणि पोळ्याला तेथे नारळ फोडणारी शेजारच्या गावची दोन-चार कुटुंबे! ती कुटुंबे तेथे का जातात हे विचारले तर 'बाप जात होता' एवढेच सांगतात. इतिहासाला यापेक्षा चांगला साक्षीदार कोणता हवा?

पोळ्याचे नाव निघाले म्हणून गोटमारीविषयी बोलणे प्राप्त आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा बांधला जातो, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पळवून नेलेल्या मुलीची कथा तिच्या उगमासाठी सांगतात. तिला मी दंतकथाच मानतो. या प्रथेत माणसे मेली आहेत, दरवर्षी शेकडो जखमी होतात. तिचे गुणगान करणे मला शक्य नाही. परंतु अभ्यासक म्हणून दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. दोन गावांची शीव नदीच्या पात्रात कोठे आहे, हे वर्षातून एकदा सर्वांदेखत ठरविले जाते, ही एक. आणि हिंदी भाषक राज्याच्या वृत्तपत्रांतही तिचे नाव 'गोटमार' असेच छापले जाते, ही दुसरी. 'गोटा' हा आमचा शब्द आहे. त्याचे भाषांतर कोणी केले नाही.

शिवाराचे रूप खरे पालटले ते कपाशीने. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. ज्वारीच्या वावरात कपाशी शिरली. लोधीखेड्याच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचे आणि हातमागाच्या कापडाचे बाजार गिरणीच्या मालापुढे मागे पडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. १९१३ मध्ये नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी सुरू झाली, आणि रामाकोना, सौंसर, लोधीखेडा येथील माणसे सकाळी नागपूरला जाऊन रात्री घरी येऊ लागली. मी स्वतः त्या गाडीने कॉलेजात गेलो. तिचा वेग एवढा बेताचा असे की, खिडकीतून वावर कोणाचे ते ओळखता येई. २०१५ साली ती बंद झाली व रुंद मार्ग आला. सोय झाली यात शंका नाही. पुढे संत्र्याने कपाशीची बरीच जागा घेतली. बागेसाठी विहीर, विहिरीला मोटेऐवजी पंप, पंपाला खोल बोअर. बरडीवरचे वावर, ज्याला आजोबा तुच्छतेने 'बरड' म्हणत, तेच आज निचऱ्याच्या गुणामुळे मोलाचे झाले. नाव जुने, किंमत उलटी.

आणि १९५६. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी भाषक म्हणून मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा आमचा मराठी मुलूखही. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. मी याविषयी रडगाणे गाणार नाही. हिंदीने आम्हांला नोकऱ्या दिल्या, मित्र दिले, मला तर वाचनाची दुसरी खोली दिली. पण परिणाम असा झाला की, वावरात मराठी आणि कागदात हिंदी, अशी गावाची वाटणी झाली. 'धुरा' कागदात 'मेड़' झाला. 'पांदण' कागदात 'रास्ता' झाली. आणि रास्ता म्हटल्यावर ती दोन्हीकडच्या बोरी-बाभळींच्या मधून जाणारी, पावसाळ्यात गाडीचे चाक बुडविणारी, गुरांच्या पायांनी खोल झालेली वाट उरली नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचे दप्तर नव्याने लागेल. त्यात ही नावे येणार नाहीत, कारण ती कोणत्याच जुन्या रकान्यात नव्हती. ज्यांच्या तोंडी ती आहेत ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी असे एक माणूस असेल. या आठवड्यात त्याच्याजवळ वही घेऊन बसावे आणि वावरामागे एक ओळ लिहावी, नंबर शेजारी घालावा. शाळेने त्या वह्या ग्रंथालयात ठेवण्याचे मान्य केले आहे.

आता तो मोडी कागद. नागपूरच्या एका तरुण जाणकाराने तो मला वाचून दिला. वयाने माझ्या नातवाएवढा. कागद भोसलेशाहीच्या अखेरच्या काळातला आहे. मला वाटले होते, इनाम असेल, निदान पाटीलकीचा निवाडा असेल. तसे काही नव्हते. आमचे गाव आणि शेजारचे गाव यांनी गुरे नदीवर नेण्याच्या वाटेविषयी केलेला तो करार होता. वाट चिंचेपासून उमरापर्यंत, तेथून आडव्या धुऱ्याने नदीला. दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जातील एवढी रुंद. उभयतांनी नांगरू नये. चिंच, उंबर, आडवा धुरा : आईने सांगितलेली तीन नावे त्या कागदात क्रमाने होती.

कागद घेऊन मी गावी गेलो आणि त्या वाटेने चाललो. चिंच नाही, उंबर आहे. दोन्हीकडच्या बागा पुढे सरकत सरकत पांदण एका माणसापुरती राहिली आहे, आणि त्यातली एक बाग आमची आहे.